खाऱ्या पाण्याच्या टाकीतला तपकिरी थर: औषधाआधी ओळख

ठाण्याहून एकांनी विचारलं आहे. त्यांची तीन फुटी, साधारण २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी सुरू होऊन आठ महिने झालेत. आत दोन क्लाउनफिश, एक ब्लेनी मासा, काही गोगलगायी आणि झोअँथिडचे (प्रवाळाच्या नात्यातल्या, फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांचे) एक-दोन तुकडे आहेत. मध्यंतरी दगडांवर हिरवं, केसांसारखं शेवाळ आलं. दुकानदाराने सांगितलं म्हणून त्यांनी फॉस्फेट शोषणारे जीएफओचे दाणे लावले, खाणं निम्म्यावर आणलं आणि दर आठवड्याला पाणी बदलायला सुरुवात केली. हिरवं गेलं. आता वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, शेंबडासारखा थर आलाय. त्यात बुडबुडे अडकलेले असतात. रात्री तो विरळ होतो आणि दुपारपर्यंत पुन्हा तेवढाच होतो. टेस्ट किटवर नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. गोगलगायी एकेक करून मरतायत. त्यांचा प्रश्न असा: आता आणखी काय कमी करू, आणि कोणतं औषध टाकू?

प्रश्नातच एक गृहीतक दडलंय, की शेवाळ आलं म्हणजे पाण्यात काहीतरी जास्त झालं. हिरव्या शेवाळाच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. तुम्ही केलेल्या वर्णनाला मात्र ते लागू पडत नाही, उलट गडबड नेमकी तिथेच आहे. बुडबुड्यांचा चिकट थर, दिवसा वाढणं, रात्री ओसरणं, शून्य-शून्य आकडे आणि मरणाऱ्या गोगलगायी हे सगळं एकत्र वाचलं की माझा पहिला संशय डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशी, पोहू शकणाऱ्या जीवांवर जातो. हौशी लोक त्यांना नुसतं ‘डायनो’ म्हणतात. संशय बरोबर असेल, तर हिरवं गेल्यापासून तुम्ही जे जे करताय त्या सगळ्याने त्यांचंच फावतंय. पण वर्णन वाचून रोगाचं नाव ठरवू नये. तपकिरी दिसणाऱ्या तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: डायनो, डायटम (सिलिकाच्या काचेसारख्या कवचातलं एकपेशी शेवाळ) आणि सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर जगणारे जिवाणू, थोडक्यात सायनो). या तिघींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात, म्हणून आधी खात्री करा.

सगळ्यात साधी चाचणी घरी होते. एका छोट्या बाटलीत टाकीचंच पाणी घ्या आणि नळीने किंवा सिरिंजने त्यात थोडा थर ओढून घ्या. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा, म्हणजे गोळे फुटून सगळं एकजीव होईल. मग ते कॉफी फिल्टरमधून, नसेल तर किचन टिश्यूच्या दुहेरी घडीतून गाळा. खाली आलेलं पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेल. ते काचेच्या ग्लासात घालून टाकीच्या दिव्याखाली तासभर न हलवता ठेवा. तासाभरात त्या पाण्यात पुन्हा तपकिरी धागे जमून गुठळी होऊ लागली, तर ते डायनो. या पेशी इतक्या बारीक असतात की कागदातून पार जातात, आणि त्या पोहू शकतात, त्यामुळे पलीकडे गेल्यावर पुन्हा एकमेकींना चिकटतात. सायनोबॅक्टेरियाचे तुकडे कागदावरच अडकतात. डायटम गाळून खाली आले तरी तळाशी धूळ होऊन बसतात, त्यांचे धागे होत नाहीत.

यापुढे जायचं तर सूक्ष्मदर्शक लागतो, आणि माझ्या मते तो घ्यावाच. महागडा नको, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा ४०० पट मोठं दाखवणारा पुरतो. काचपट्टीवर थराचा एक थेंब ठेवा. पाण्याच्या थेंबाच्या आकाराच्या, एका बाजूला टोकदार पेशी त्या टोकाशी बांधल्यासारख्या जागच्या जागी गरगर फिरत असतील, तर तो ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोंचा एक प्रकार. लंबगोल पेशी सरळ पुढे सरकत असतील आणि नमुना मुख्यतः वाळूवरून घेतलेला असेल, तर बहुधा अँफिडिनियम, डायनोंचाच दुसरा प्रकार. होडीसारखी किंवा काडीसारखी, काचेगत स्वच्छ कडा असलेली आणि संथ घसरत जाणारी कवचं दिसली तर ते डायटम. लांबच लांब दोरे, म्हणजे साखळीत जोडलेल्या पेशी, दिसल्या तर सायनो. पाच मिनिटांचं काम आहे. एवढं पाहिलं की दुकानातल्या बाटल्यांवर होणारा निम्मा खर्च वाचतो.

आता डायनो नेमके शून्य आकड्यांवरच का माजतात, ते बघू. टाकीत जागेसाठी कायम चढाओढ चालू असते. हिरवं शेवाळ, डायटम, दगडांवरचे जिवाणू या सगळ्यांना नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं. तुम्ही दोन्ही पार संपवलंत, तेव्हा हे सगळे उपाशी पडले. डायनोंमधल्या बऱ्याच जाती मात्र प्रकाशावर जगतातच, शिवाय जिवाणू आणि बारीक कण गिळूनही पोट भरतात. रिकामी जागा त्यांनाच मिळाली. म्हणून ‘आणखी काय कमी करू’ याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं आहे. आता वाढवायचंय.

इथे आकड्यांबद्दल थोडं बोलायला हवं. टेस्ट किट सांगतो ते पाण्यात उरलेलं. टाकीत किती आलं आणि किती खाल्लं गेलं, हे तो सांगत नाही. दगडांवर बोटभर हिरवे केस असताना फॉस्फेट शून्य आलं, तर त्याचा अर्थ शेवाळाने ते खाऊन टाकलं. दगड ओकेबोके, वर नुसता तपकिरी थर, आणि तरीही शून्य आलं, तर ते बहुतेक खरंच शून्य असतं. एकाच आकड्याचे दोन अर्थ, आणि कोणता धरायचा ते टाकीकडे बघूनच ठरतं. शिवाय रंग जुळवून वाचायच्या स्वस्त किटवर ०.०५ आणि ० यांत फरकच कळत नाही. फॉस्फेटसाठी एक डिजिटल चेकर घ्या. हॅनाचा अल्ट्रा लो रेंजचा फॉस्फरसवाला चेकर फॉस्फरसचा आकडा पीपीबीत (अब्जात किती भाग) देतो. त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेट पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मिळतं. म्हणजे चेकरवर १० आलं तर फॉस्फेट ०.०३.

तुमच्या टाकीत मी काय करेन ते सांगतो. जीएफओ आजच काढा. पाणी बदलणं थांबवा, कारण ताज्या मिठाच्या पाण्यानंतर डायनो उसळतात, हे मी आणि इतरांनीही वारंवार पाहिलंय. थर नळीने ओढून काढत राहा, पण ते पाणी फेकू नका. पाच किंवा दहा मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून, म्हणजे गाळायच्या कापडी पिशवीतून, गाळून परत टाकीत घाला आणि सॉक प्रत्येक वेळी धुऊन वाळवा. मग नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमवर आणा आणि तिथेच टिकवा.

खाणं वाढवूनही हे आकडे वर येतात, पण हळू येतात आणि किती आले ते कळत नाही. मी क्षारच मोजून घालतो. तुमच्या टाकीत दगड आणि वाळू वजा जाता पाणी १६० लिटर धरा. त्यात नायट्रेट ५ पीपीएमने वाढवायला साधारण १.३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट लागतं. ते दोन-तीन दिवसांत विभागून, पाण्यात विरघळवून घाला. फॉस्फेटसाठी मोनो पोटॅशियम फॉस्फेट १ ग्रॅम घेऊन १ लिटर आरओ पाण्यात विरघळवून ठेवा. या द्रावणाचे २३ मिलिलिटर तुमच्या टाकीत ०.१ पीपीएम वाढवतात. सुरुवात त्याच्या निम्म्याने करा. दुसऱ्या दिवशी मोजलं तर पुन्हा शून्य येईल, तेव्हा घाबरू नका. उपाशी दगड पहिले काही दिवस सगळं पिऊन टाकतात. रोज मोजा, रोज थोडं घाला. आकडा सलग आठवडाभर टिकू लागेपर्यंत हे करावं लागतं.

द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या लगेच लक्षात आलं असेल, हेच दोन क्षार ‘१३-०-४५’ आणि ‘०-५२-३४’ या नावांनी प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळतात. मोह होतो, कारण किलोभराचं पाकीट किरकोळ किमतीत येतं. पण विद्राव्य खतांच्या काही पाकिटांत सूक्ष्म अन्नद्रव्यंही मिसळलेली असतात, आणि त्यात तांबं असेल तर उरलेल्या गोगलगायी, आणि कोळंबी असेल तर तीही, संपल्याच म्हणून समजा. प्रयोगशाळेच्या दर्जाचे क्षार केमिकलच्या दुकानातून घ्या. शंभर ग्रॅम वर्षभर पुरतील.

इथून पुढचं सगळं जातीवर अवलंबून आहे. ऑस्ट्रिऑप्सिस असेल तर तुमचं नशीब बरं. या पेशी रात्री थर सोडून पाण्यात तरंगतात, तुमचा थर रात्री ओसरतो तो त्यामुळेच. तरंगत्या पेशींवर यूव्ही दिवा चालतो. तो सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या जोडटाकीत, लावू नका. पाणी थेट मुख्य टाकीतून खेचून परत तिथेच सोडेल असा लावा आणि रात्रभर चालू ठेवा. वॅट कंजूषीने घेऊ नका, मी दहा-बारा लिटरला एक वॅट धरतो, म्हणजे तुम्हाला अठरा वॅटच्या आसपासचा. जोडीला तीन दिवस दिवे पूर्ण बंद ठेवले तर फरक लवकर दिसतो. क्लाउनफिश आणि झोअँथिड तेवढं सोसतात. त्या काळात स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि हवेचे बुडबुडे सोडणारा एक एअरस्टोन मात्र जोरात चालू ठेवा, कारण मेलेला थर कुजताना प्राणवायू ओढतो, आणि आपल्याकडे चिलर नसलेल्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात गरम असतं, त्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो.

अँफिडिनियम वाळू सोडत नाही, त्यामुळे यूव्ही असून नसल्यासारखा. तिथे मी उलटी चाल करतो, सोडियम सिलिकेट अगदी थोडं थोडं घालून मुद्दाम डायटम वाढवतो. डायटम वाळूवरची जागा बळकावतात आणि डायनो मागे हटतात. सिलिकेट थांबवलं की डायटम आपोआप कमी होतात. घाण घालवायला घाण आणायची हे लोकांना पटत नाही, पण या जातीवर याहून बरा उपाय मला मिळालेला नाही. वेळ दोन्हींत लागतो. सहा-आठ आठवडे धरून चाला.

गोगलगायींवरून एक सावधगिरी. ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जाती पॅलिटॉक्सिनच्या जातकुळीतलं विष तयार करतात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोवाच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिऑप्सिस फोफावला, तेव्हा किनाऱ्यावर आलेल्या सुमारे दोनशे लोकांना ताप, खोकला आणि श्वासाचा त्रास होऊन डॉक्टरांकडे जावं लागलं होतं. टाकी त्या मानाने किरकोळ, पण हातमोजे घाला, नळी तोंडाने ओढू नका, दगड बाहेर काढून ब्रशने घासताना तोंड जवळ नेऊ नका. उरलेल्या गोगलगायी सध्या कुणा ओळखीच्याकडे किंवा वेगळ्या बादलीत हलवा. त्या हा थर खाऊन साफ करणार नाहीत, स्वतःच मरतील.

औषधाबद्दल तुम्ही थेट विचारलंय. डायनोंवर मी औषध टाकत नाही, आणि त्यामागे कारण आहे. कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात ती करामत नॉक्टिल्युकाची, तोही डायनोफ्लॅजेलेटच. प्रवाळाच्या आणि तुमच्या झोअँथिडच्या पेशींत राहून त्यांना पोसणारं झोझँथेली तेही डायनोफ्लॅजेलेटच. इतका मोठा गोतावळा आहे हा. थर मारेल आणि झोअँथिडच्या आतल्यांना धक्का लावणार नाही, असं भरवशाचं काही मी तरी पाहिलेलं नाही.

हे सगळं तुमच्याच टाकीत का झालं, याचं एक कारण दगडांत असावं. तुमचे दगड कोरडे किंवा सिरॅमिकचे असणार, आणि ते योग्यच आहे. प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची एकमध्ये आहेत, तेव्हा ‘मालवणहून चार जिवंत दगड आणून देतो’ असं कुणी म्हटलं तर हात जोडा. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि गुन्हा वाघाच्या कातड्याइतकाच गंभीर धरला जातो. फक्त कोरड्या दगडाची टाकी सुरुवातीला जवळजवळ निर्जीव असते, तिच्यात चढाओढ करणारे जीव कमी असतात, आणि डायनोंना ते आवडतं. यावर उपाय म्हणजे कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतली वाटीभर वाळू आणि थोडे कोपेपॉड (पाण्यातले कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव) मागून आणणं. चौपाटीची वाळू नको. तिच्यात आणखी काय काय येईल, सांगता येत नाही.

आता चाचणीत वेगळंच निघालं तर. डायटम निघाले तर पाण्याकडे बघा. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत ते सगळ्यांकडे येतात आणि जातात. आठव्या महिन्यात आले तर सिलिका कुठून तरी येतेय. स्वयंपाकघरातल्या आरओत बहुतेकदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो बंद करा आणि पुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावा. टीडीएस शून्य दिसला म्हणून गाफील राहू नका. रेझिन संपत आलं की सिलिका सगळ्यात आधी निसटते आणि मीटरला तिचा पत्ताही लागत नाही. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल, तर रेझिन तुम्ही समजता त्याच्या कितीतरी आधी संपतं.

सायनो निघाले तर ते मुळात शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत. त्यांचा थर सहसा लालसर किंवा जांभळट असतो आणि नळी लावली की साय निघावी तसा सलग उचलला जातो. पाणी जिथे साचतं तिथेच तो बसतो, म्हणून आधी वेव्हमेकरचं (पाणी ढकलणाऱ्या पंपाचं) तोंड वळवा, वाळू नळीने साफ करा आणि नायट्रेट शून्य असेल तर थोडं वाढवा. यातल्या काही जाती हवेतला नायट्रोजन वापरू शकतात, त्यामुळे शून्य नायट्रेट त्यांनाही मानवतं. एरिथ्रोमायसिन टाकलं की दोन दिवसांत चकाचक होतं, हे खरं आहे. पण ते प्रतिजैविक आहे, प्रवाह सुधारला नाही तर सायनो महिन्याभरात परत येतात, आणि मी ते अगदी शेवटाला ठेवतो.

राहिलं हिरवं. फॉस्फेट वाढवलंत की ते परत येणार, हे आधीच सांगून ठेवतो. तपकिरी जाऊन हिरवं दिसू लागलं की टाकी वळणावर येतेय असं मी धरतो. त्या वेळी घाबरून जीएफओ परत लावू नका, नाहीतर हे चक्र पहिल्यापासून सुरू होईल. केस हाताने उपटा, टूथब्रशने घासा आणि सुटलेले तुकडे नळीने लगेच ओढा. गोगलगायी तेव्हाच नव्या आणा. तीन फुटांत टँग (शेवाळ खाणारा मोठा मासा) नको, दुकानदार कितीही म्हणाला तरी. ब्लेनी आहेच, ती थोडं खाते. दगड बाहेर काढता येत असेल तर त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब सोडून दोन-तीन मिनिटांनी खाऱ्या पाण्यात खळबळून परत ठेवता येतो. परदेशी सल्ल्यांत तीन टक्क्यांचं पेरॉक्साइड गृहीत धरलेलं असतं, आपल्या केमिस्टकडे मिळतं ते सहा टक्क्यांचं, म्हणून तेवढंच आरओ पाणी मिसळून घ्या. कोळंबीच्या अंगावर ते जाऊ देऊ नका.

केस नीट न्याहाळा मात्र. प्रत्येक काडीच्या दोन्ही बाजूंनी पिसासारखे फाटे फुटलेले असतील तर ते ब्रायॉप्सिस, आणि ते उपटून जात नाही. त्यावर फ्लुकोनाझोल चालतं, लिटरला साधारण ५ मिलिग्रॅम, फिल्टरमधला कार्बन काढून आणि यूव्ही-स्किमर बंद करून दोन-तीन आठवडे. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं आहे, आणि डायनो किंवा सायनोवर त्याचा उपयोग शून्य, तेव्हा ओळख पटल्याशिवाय आणू नका. हिरवे चकचकीत मणी दिसले तर व्हॅलोनिया. एकेक मणी म्हणजे एकच पेशी असते. बुडासकट खरवडून काढायचा, दगड शक्यतो पाण्याबाहेर धरून.

गाळण्याची चाचणी आज रात्री नको, उद्या दुपारी करा, थर भरात असतो तेव्हा. ग्लासात तासाभराने काय दिसलं, थर वाळूवर जास्त आहे की दगडांवर, आणि आरओच्या पाण्याचा टीडीएस किती, एवढं लिहा. यूव्ही तोवर विकत घेऊ नका. अँफिडिनियम निघाला तर ते पैसे वाया जातील.